लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही: नवी बॅटरी घेण्याआधी काय काय मोजायचं

मिलिओहम

"प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" दिसलं की बहुतेक जण सरळ बॅटरी मागवतात. नवी बॅटरी बसते आणि कोपऱ्यात पुन्हा तेच शब्द. पैसे गेले, जुनी बॅटरीही भंगारात गेली, आणि बिघाड जिथे होता तिथेच राहिला. हे टाळता येतं, म्हणून धागा काढतोय. लागेल ते फक्त एक साधं मल्टिमीटर आणि तासभर वेळ.

आधी मुळातलं समजून घेऊ. अडॅप्टर लावला की विजेला दोन वाटा फुटतात. एक थेट मदरबोर्डकडे जाते, तिच्यावर लॅपटॉप चालतो. दुसरी चार्जिंगच्या चिपमधून बॅटरीकडे जाते, आणि ती उघडायची की नाही हे बोर्डावरचा एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे देखरेख करणारी छोटी चिप, ठरवतो. तो तीन गोष्टी बघतो. अडॅप्टर ओळखीचा आणि पुरेशा ताकदीचा आहे का? बॅटरी बोलतेय का, आणि किती करंट मागतेय? आणि चार्जिंगवर कुणी मर्यादा घालून ठेवली आहे का? यातलं एकही उत्तर चार्जिंगच्या विरोधात गेलं की करंट शून्य. विंडोज आपल्याला फक्त निकाल सांगतं. नकार कुणी दिला ते आपण शोधायचं, बॅटरीचा नंबर त्यानंतर.

सुरुवात भिंतीपासून. दुसऱ्या बोर्डात लावून बघा. अडॅप्टरच्या ठोकळ्यात जाणारी तीन भोकांची वायर पूर्ण आत दाबा, ती अर्धवट बाहेर आलेली अगदी सर्रास सापडते. अडॅप्टरला दिवा असेल तर त्याच्याकडे लक्ष द्या. लॅपटॉपला जोडताक्षणी दिवा विझत असेल आणि काढल्यावर परत लागत असेल, तर लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे किंवा अडॅप्टर भार पेलत नाही. तिथे पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

मग लेबल. "आउटपुट" समोर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट. लॅपटॉपच्या पोटावर जेवढं लिहिलंय तेवढं किंवा त्याहून जास्त वॅटेज हवं, व्होल्टेज मात्र तेच. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ चा अडॅप्टर लावला की मशीन चालतं, पण चार्जिंगला करंट उरत नाही. लॅपटॉप बंद करून ठेवला की मात्र चार्ज होतो. असं होत असेल तर तुमचा शोध इथेच संपला.

आता मीटर. डीसी व्होल्टचा २०० चा पट्टा घ्या. गोल पिनचं बाहेरचं कवच म्हणजे ऋण, आतली भिंत म्हणजे धन. मध्ये सुईसारखी बारीक पिन असेल तर तिला अजिबात हात लावू नका. लाल टोक घसरून आतली भिंत आणि ती पिन एकत्र आली तर १९ व्होल्ट थेट अडॅप्टरची ओळख सांगणाऱ्या चिपवर जातात आणि मोजता मोजता चांगला अडॅप्टर बाद होऊ शकतो. टोक जाड असेल तर त्याला बारीक तार गुंडाळून ती आत सरकवा. लेबलच्या ५ टक्के इकडे-तिकडे आकडा चालेल. १९.५ चा अडॅप्टर असेल तर १८.५ ते २०.५.

पण आकडा बरोबर आला म्हणून अडॅप्टर पास झाला असं नाही. रिकामा असताना १९.५ दाखवणारा अडॅप्टर भार आला की १२-१३ वर कोसळतो, कारण आतले कपॅसिटर सुकलेले असतात. भार देऊन बघायची स्वस्त सोय म्हणजे गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे बल्ब. दोन बल्ब सिरीजमध्ये जोडले की १९.५ व्होल्टवर साधारण दीड अँपिअर ओढतात. अशा दोन जोड्या समांतर लावल्या की तीनच्या आसपास. ६५ वॅटला दोन जोड्या, ४५ वॅटला एकच. जोड्या एकेक करून लावा, कारण थंड बल्ब पहिल्या क्षणाला खूप जास्त करंट खेचतो आणि अडॅप्टर उगाच ट्रिप होतो. पाच मिनिटं चालू ठेवून व्होल्टेज वाचा. १८.५ च्या खाली गेलं तर अडॅप्टर बदला. बल्ब चांगलेच तापतात, खाली फरशी असू द्या, सतरंजी नको.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर पुढचं बोलू.

रात्रपाळी

उत्तम धागा. माझ्या समोरच्या मशीनची लक्षणं लिहितो, कुठे बसतं सांगा.

मशीन डेलचं. अडॅप्टर १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर, मध्ये बारीक पिन असलेला. मीटरवर १९.४. लॅपटॉप अडॅप्टरवर चालू होतो, पण बॅटरी ३८ टक्क्यांवर अडकली आहे. सुरू होताना काळ्या पडद्यावर संदेश येतो की अडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही. मशीनही फार संथ झालंय, प्रोसेसर ०.८ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. बॅटरी काढून नुसत्या अडॅप्टरवर चालवलं तरी तितकंच संथ.

मिलिओहम

@रात्रपाळी, तुमची बॅटरी बहुधा निर्दोष आहे. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बॅटरी काढल्यावरही मशीन संथ राहतं म्हणजे नकार अडॅप्टरच्या ओळखीवरून आलाय.

ती मधली पिन वीज वाहत नाही, ओळख सांगते. डेलच्या गोल पिनच्या अडॅप्टरमध्ये ठोकळ्याच्या आत एक इवलीशी मेमरी चिप असते. मधल्या पिनवरच्या एकाच तारेवरून लॅपटॉप तिला विचारतो आणि ती आपलं वॅटेज, व्होल्टेज, करंट सांगते. उत्तर आलं नाही तर लॅपटॉप सावध पवित्रा घेतो. न जाणो अडॅप्टर ३० वॅटचा असला तर पेटेल, म्हणून बॅटरीला करंट देत नाही आणि प्रोसेसरचा वेगही दाबून ठेवतो. एचपीच्या गोल पिनलाही मधली पिन ओळखीचीच. लेनोवोच्या चौकोनी पिवळ्या टोकात चिपऐवजी रेझिस्टर असतो, वॅटेजप्रमाणे त्याची किंमत बदलते. एसर आणि आसुसच्या बऱ्याच साध्या गोल पिनांना ही भानगडच नाही, तिथे व्होल्टेज आलं की काम सुरू.

आता ओळख कुठे तुटली ते बघायचं. जागा चार: ठोकळ्यातली चिप, केबलमधली बारीक तार, पिनची सुई, आणि लॅपटॉपच्या जॅकमधला मधला स्प्रिंग. यात केबल सगळ्यात जास्त वेळा जाते. वायर पिनजवळ जिथे वाकते तिथे आतली बारीक तार आधी तुटते, बाहेरच्या जाड जाळ्या शाबूत राहतात. म्हणून व्होल्टेज पूर्ण येतं आणि ओळख मात्र येत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानांत जा, डेलला सुरू होताना एफ २. बॅटरीच्या माहितीच्या पानावर अडॅप्टरचं वॅटेज दिसतं. ते पान उघडं ठेवून पिनपासून चार बोटांवरची वायर हळूहळू वाकवा. मध्येच "६५ वॅट" उमटलं तर तार तुटलेली आहे. पान आपोआप बदललं नाही तर वायर एका बाजूला वाकवून धरा आणि पुन्हा सुरू करा. टॉर्च घेऊन पिनच्या आतही बघा, सुई वाकलेली किंवा आत दबलेली असते.

आणि त्याच वॅटेजचा दुसरा मूळ अडॅप्टर पाच मिनिटं मागून लावा. याहून चांगली परीक्षा नाही.

खटका

एक मुद्दा वर यायला हवा होता. काही बिघडलेलंच नसतं, अशीही खूप उदाहरणं असतात.

बॅटरी ५५-६०, ८० किंवा ९५ च्या आसपास थांबली असेल तर आधी मर्यादा तपासा. लेनोवो व्हँटेज ॲपमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड, जुन्या मॉडेलमध्ये ६० च्या आसपास आणि नव्यांत ७५ ते ८० ला थांबवतो. मायआसुस ॲपमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, ६० किंवा ८०. एचपीच्या बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर. डेलच्या बायोसमध्ये "प्रायमरिली एसी यूज" आणि "कस्टम". एसरच्या केअर सेंटरमध्ये ८० ची मर्यादा.

यातला डेलचा कस्टम आणि लेनोवोच्या थिंकपॅडचा थ्रेशोल्ड लोकांना फार चकवतो, कारण त्यात दोन आकडे असतात: कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं. सुरू ५० आणि थांब ८० ठेवलं असेल आणि बॅटरी ६२ वर असेल, तर अडॅप्टर लावूनही ती ६२ वरच राहणार. ५० च्या खाली गेल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये आयटीवाले हे आधीच लावून देतात आणि वापरणाऱ्याला पत्ता नसतो.

मर्यादा नसतानाही ९५ ते ९९ वर थांबणं साधारण आहे. अर्ध्या-एक टक्क्यासाठी पुन्हा पुन्हा चार्ज होऊ नये म्हणून बनवणाऱ्यांनी तशी सोय ठेवलेली असते.

दुसरं, कंट्रोलर अडकलेला असतो. अडॅप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त अडॅप्टर लावून सुरू करा. बॅटरी आतली असेल तर पाठीमागे टाचणी जाईल एवढं भोक शोधा, कित्येक थिंकपॅड आणि एसरमध्ये ते असतं. सरळ केलेल्या पेपरक्लिपने अडॅप्टर काढलेला असताना दाबायचं. मायक्रोफोनचं भोक नाही ना, याची मात्र खात्री करा!

डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीचा ड्रायव्हर उडवून पुन्हा सुरू करा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. करून बघायला हरकत नाही, दोन मिनिटांचं काम. पण लॅपटॉप पूर्ण बंद असतानाही चार्ज होत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही, तिथे वेळ घालवू नका.

चंद्रपूरकर

तापमानाचं कुणी लिहिलं नाही. लिथियमच्या सेलचं तापमान ४५ अंशांच्या आसपास गेलं की चार्जिंग थांबतं. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं. गादीवर किंवा मांडीवर ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी त्याच्याही वर सहज जाते. मग दुपारी चार्ज होत नाही आणि पहाटे होतो, आणि लोक लूज कॉन्टॅक्ट शोधत बसतात. लॅपटॉप बंद करून फरशीवर अर्धा तास ठेवा, मग लावून बघा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.

टोरांटोवासी

@चंद्रपूरकर, इकडे नेमकं उलटं. रात्रभर गाडीत राहिलेला लॅपटॉप शून्याच्या खाली गेलेला असतो. त्या तापमानाला चार्ज केलं तर लिथियम इलेक्ट्रोडवर धातूच्या रूपात साचतं, म्हणून बॅटरीचं सर्किट चार्जिंगच नाकारतं. घरात आणून तास-दोन तास तसाच ठेवायचा, मग अडॅप्टर.

ओसरी

वाचनखूण साठवली. एक शंका. टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप आहे. मोबाइलच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलंय, लॅपटॉपही ६५ चाच. तरी "स्लो चार्जर" म्हणतो, आणि काम करताना टक्के उलटे कमी होतात. चार्जर खराब आहे का?

मिलिओहम

@ओसरीताई, चार्जर चांगला असण्याची शक्यताच जास्त, फक्त दोघांची भाषा वेगळी आहे.

टाइप-सीवर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट असतात. चार्जर आणि लॅपटॉप यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या भाषेत बोलतात आणि मग ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरतात. लॅपटॉपला बहुधा २० लागतात. मोबाइल कंपन्यांचे बरेच चार्जर त्यांचे ६५ वॅट आपल्याच खास पद्धतीने, कमी व्होल्टेज आणि जास्त करंट असे देतात, आणि तेही त्यांच्याच फोनला. पॉवर डिलिव्हरीत तोच चार्जर कमी वॅट देतो. लेबल भिंगातून वाचा. "२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर" अशी ओळ असेल तरच तो लॅपटॉपसाठी ६५ चा.

दुसरं केबल. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरचीच असते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्याच्या वर जायला दोन्ही टोकं टाइप-सी आणि आत ओळखीची चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेल्या केबलवर पॉवर डिलिव्हरी चालत नाही.

तिसरं पोर्ट. लॅपटॉपला दोन टाइप-सी असतील तर दोन्हींवर चार्ज होतंच असं नाही. ज्याच्या शेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह आहे ते वापरा. शंका राहिलीच तर टाइप-सीचा छोटा मीटर मिळतो, तो मध्ये लावा. ५ व्होल्टवर अडकलं तर बोलणी फिसकटली, २० व्होल्ट आणि करंट शून्य असेल तर अडचण लॅपटॉपच्या आत.

आणि हे नक्की करा: प्लग उलटा करून लावा. एका बाजूने चार्ज होतो आणि उलट्या बाजूने नाही, असं असेल तर पोर्टमधल्या बोलणी करणाऱ्या दोन पिनांपैकी एक मळलेली किंवा उखडलेली आहे. बंद लॅपटॉपच्या पोर्टमधून लाकडी टूथपिकने कापसाचे धागे काढा. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं. लोखंडी सुई घालू नका.

ओसरी

केबलच निघाली. चार्जरवर २० व्होल्ट ३.२५ ची ओळ आहे, पण वापरत होते ती केबल चपट्या यूएसबीची, चार्जरच्या दुसऱ्या भोकात. दोन्ही टोकं टाइप-सीवाली लावल्यावर संदेश गेला. आभार!

खटका

आता बॅटरीकडे वळू. अंदाज नको, अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्ट उघडून "पॉवरसीएफजी", एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला चिकटून "बॅटरीरिपोर्ट". इंग्रजीत टाईप करायचं अर्थातच. फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसतं, ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात दोन आकडे बघा. डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती. समजा ४२,००० मिलिवॉट-तासांतून १९,००० उरलेत, तर बॅटरी थकली आहे, पण "चार्ज होत नाही" याचं कारण ते नाही. थकलेली बॅटरी भरभर भरते आणि भरभर उतरते. अडकत नाही. अडकण्याचं कारण दुसरीकडे शोधा. फुल चार्जचा आकडा शून्य किंवा भलताच येत असेल, किंवा बॅटरीचं नावच रिकामं असेल, तर मात्र बॅटरीच्या आतलं सर्किट बोलत नाहीये.

चार्जिंगचा करंट चालू स्थितीत बघायचा तर एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात चार्ज रेट वॅटमध्ये दिसतो. लिनक्सवाल्यांना अपॉवरमध्ये हेच सगळं मिळेल.

अनुस्वार

बॅटरी काढून मीटर लावलं तर शून्य व्होल्ट येतात. म्हणजे मेलीच ना? व्हिडिओत एक जण बाहेरून १२ व्होल्ट देऊन "जागी" करताना दाखवतो, ते करावं का?

तांबडी_तार

@अनुस्वार, दोन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" असंच. आणि दुसरं कृपया करू नका.

आधी शून्य व्होल्टचं. लॅपटॉपच्या बॅटरीच्या आत स्वतःचं सर्किट असतं, आणि बाहेरच्या पिनांवर वीज सोडायची की नाही ते तेच ठरवतं. कनेक्टरवर धन आणि ऋण सोडून आणखी पिना असतात: बोलण्याच्या दोन, तापमानाची एक, आणि बऱ्याच बॅटऱ्यांत "मी लॅपटॉपमध्ये बसले आहे" हे कळायची एक. ती शेवटची ऋणाला (ग्राउंडला) जोडली गेल्याशिवाय आतले मॉस्फेट, म्हणजे वीज सोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद राहतात. त्यामुळे चांगल्या, अगदी नव्या बॅटरीवरही बाहेर शून्य येऊ शकतं. शून्यावरून निकाल देऊ नका.

आता जागं करण्याचं. लिथियम सेलचं चार्ज झाल्यावरचं व्होल्टेज साधारण ४.२, संपल्याचं ३ च्या आसपास. महिनोन्महिने पडून राहिला आणि २.५ च्या खूप खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्या ठिकाणी साचतं आणि सेलच्या आतच शॉर्ट तयार होतो. तो आज दिसत नाही, दोन आठवड्यांनी रात्री चार्जिंगला लावलेला असताना दिसतो. आतल्या सर्किटने दार बंद केलं ते याच भीतीने. कित्येक बॅटऱ्यांत सर्किट कायमच्या बिघाडाची नोंद करतं आणि फ्यूजही उडवतं. बाहेरून १२ व्होल्ट देणं म्हणजे तो राखणदार बाजूला ढकलून आत घुसणं.

एक सुरक्षित गोष्ट जरूर करा. लॅपटॉप बंद ठेवून मूळ अडॅप्टर लावा आणि दोन तास हात लावू नका, समोर मात्र थांबा. अगदी उतरलेल्या बॅटरीला चार्जर आधी अगदी कमी करंट देतो, नेहमीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि सेल ३ व्होल्टकडे आले की मग वाढवतो. त्या वेळात पडद्यावर शून्य टक्केच दिसतं. लोक दहाव्या मिनिटाला अडॅप्टर काढतात आणि बॅटरी मेली म्हणतात.

फुगलेली असेल तर यातलं काहीही नाही. टचपॅड वर आलाय, खालचं झाकण टेबलावर डगमगतंय, क्लिक जड झालंय, ही फुगल्याची खूण. चार्जिंग तिथेच बंद. दाबून बसवू नका, प्लास्टिकच्या पट्टीने उचकटताना भोक पाडू नका. काढलेली बॅटरी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, त्यांच्या सर्व्हिस सेंटरला द्या.

रात्रपाळी

दुसरा मूळ ६५ वॅटचा अडॅप्टर लावला. संदेश गेला, बायोसमध्ये "६५ वॅट" दिसतं, चार्ज रेट ३१ वॅट. जुन्याची वायर पिनजवळ वाकवून धरली तर क्षणभर ओळखतो आणि सोडतो. म्हणजे केबल. नवा अडॅप्टर घ्यावा की पिन बदलून मिळते?

मिलिओहम

मिळते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पिनसकट केबल सुटी मिळते. घेताना पिनचं माप जुळवा: ४.५ मिलिमीटरची बारीक आणि ७.४ ची जाड, दोन्हींत मधली सुई असते.

या केबलची रचना एकात एक असते. सगळ्यात बाहेरची तांब्याची जाळी ऋण, तिच्या आतली दुसरी जाळी धन, आणि गाभ्यात केसासारखी बारीक तार, ती ओळखीची. तुटलेली बहुधा तीच. कापायचं ते वाकण्याच्या जागेपासून दीड-दोन इंच मागे, कारण तार नेमकी वाकण्याच्या जागीच खचलेली असते. तीन जोड एकाच रेषेत ठेवू नका, अर्धा-अर्धा इंच मागेपुढे ठेवा, प्रत्येकावर स्वतंत्र हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी. गाभ्याची तार धन जाळीला टेकली की चिप गेली, म्हणून तिच्यावर दुहेरी नळी. नुसती चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते. जोडल्यावर लॅपटॉपला लावण्याआधी मीटरवर तिन्ही एकमेकांपासून सुटे आहेत का ते बघा, मग व्होल्टेज आणि कोणतं टोक धन तेही.

नवाच घेणार असाल तर वजन आणि लेबल दोन्ही बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएस १३२५२ आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बॅटरीवर आयएस १६०४६. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघता येतं. हाताला पोकळ लागणारे स्वस्त अडॅप्टर ओळखीची चिप कधी देतात, कधी देत नाहीत, आणि ९० ची ओळख सांगून ६५ चं सामान आत असलेलेही विकले जातात. ते जास्त धोक्याचं.

तांबडी_तार

अडॅप्टर नक्की चांगला, मर्यादा नाही, बॅटरी दुसऱ्या मशीनवर चार्ज होते, तरी इथे होत नाही, अशांसाठी पुढचं. बोर्ड उघडायची सवय असेल तरच.

झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. त्याआधी अडॅप्टर बाहेर. मग जॅक बघा. पिन लावून हलवली की जॅक आतल्या आत हलतो का? बोर्डावर डाग दिलेला (सोल्डर केलेला) जॅक असेल तर पायाभोवती बारीक काळं कडं दिसतं, तो तडकलेला डाग. ठिणग्या उडून प्लास्टिक पिवळट-तपकिरी होतं आणि करपल्याचा वास येतो. वायरवाला जॅक असेल तर सुटा भाग बदला, डाग मारत बसू नका.

कोकणपट्टीतल्या मशीनमध्ये बॅटरीच्या कनेक्टरवर हिरवट थर हमखास मिळतो. बोलण्याच्या पिनांवर तो आला की लॅपटॉपला बॅटरी दिसतच नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना मऊ ब्रश, आणि पूर्ण वाळू देणं. पेट्रोल किंवा सॅनिटायझर नको.

बॅटरी काढलेली, अडॅप्टर नाही, अशा स्थितीत जॅकच्या धन-ऋण पायांत रेझिस्टन्स मोजा. जवळपास शून्य असेल तर इनपुटचा मॉस्फेट किंवा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत अडॅप्टर लावू नका.

शॉर्ट नसेल तर चार्जिंगची चिप. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२४७३५ खूप बोर्डांवर आहे, तिचं उदाहरण घेतो. एसीडेट या अडॅप्टर ओळखणाऱ्या पिनवर २.४ व्होल्टच्या वर आणि ३.१५ च्या खाली हवं, तरच ती अडॅप्टर मान्य करते. १९.५ चे विभागून तिथे येतात, त्यासाठीच्या दोन रेझिस्टरपैकी एकाची किंमत सरकली तर चांगला अडॅप्टरही अमान्य. रेगएन या चिपच्या आतल्या पुरवठ्याच्या पिनवर ६ व्होल्ट दिसले म्हणजे चिप जिवंत आहे. मग करंट मोजायच्या १० मिलिओहमच्या रेझिस्टरकडे या, बॅटरीच्या बाजूच्या. चार्जिंग चालू असेल तर त्याच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट दिसतात: २ अँपिअरला २०. शून्य असेल आणि चिपची बाकी लक्षणं ठीक असतील, तर कंट्रोलर तिला करंटचा आदेशच देत नाहीये, चिप बदलून उपयोग नाही. तिथून मागे वळून बॅटरीच्या बोलण्याच्या दोन तारा आणि त्यांचे पुलअप रेझिस्टर तपासा. सरसकट चिप बदलणारे इथेच फसतात.

एक अपवाद. २०१२ च्या थिंकपॅड एक्स२३०, टी४३० या पिढीत बायोस बॅटरीची ओळख तपासतो आणि अनोळखी कंपनीची असेल तर चार्ज करायला नकार देतो. बोर्ड ठणठणीत, बॅटरीही ठणठणीत. तिथे योग्य बॅटरी घेणं एवढाच साधा उपाय.

रात्रपाळी

केबल जोडली. तिन्ही तारा सुट्या, १९.४ व्होल्ट, बायोसमध्ये ६५ वॅट. चार्ज रेट पुन्हा ३१ च्या आसपास, प्रोसेसरही पूर्ण वेगात. फक्त टक्के विचित्र वागताहेत: ३८ वरून पाच मिनिटांत एकदम ५१.

खटका

@रात्रपाळी, ते ठीक आहे. इतके दिवस एकाच आकड्यावर पडून राहिल्याने बॅटरीतल्या मोजणाऱ्या चिपचा हिशोब सरकलाय. १०० पर्यंत भरा, अडॅप्टर लावूनच दोन तास तसाच ठेवा. मग काढून सलग १० टक्क्यांपर्यंत उतरू द्या, आणि न थांबता पुन्हा पूर्ण भरा. शून्यापर्यंत नेऊ नका. एका फेरीत आकडे जागेवर येतात, फार तर दोन. आणि त्या जोडाच्या मागे वायर अडॅप्टरला घट्ट गुंडाळू नका, तळहाताएवढी सैल वळी ठेवा.